जीप जुनी, इंजिन नवे

भीमेच्या खोऱ्यातल्या माणसाला जीप म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. राजगुरुनगरहून चास, वाडा आणि पुढे भोरगिरीपर्यंत एसटीच्या दोन फेऱ्यांमधली पोकळी कित्येक वर्षे जीपनेच भरून काढली. बाजाराला निघालेली माणसे, दवाखान्याकडे नेली जाणारी बाळंतीण, कॉलेजची पोरे, बटाट्याची पोती हे सगळे वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने एकत्र बसत आले. यांतल्या बऱ्याच जीपांची एक गोष्ट बाहेरून कळत नसे. नोंदणीच्या पुस्तकात इंधनासमोर ‘पेट्रोल’ लिहिलेले असे आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन धडधडत असे. गाडी एका काळातली, इंजिन दुसऱ्या काळातले आणि गिअरबॉक्स कधीकधी तिसऱ्याच गाडीचा.

गेली काही वर्षे मी या अदलाबदलीचा माग काढतो आहे. मी इंजिनिअर नाही. जुनी दुरुस्ती-पुस्तके, सुट्या भागांच्या याद्या, कायद्याची कलमे आणि चाकण-भोसरीकडच्या गॅरेजांत मिस्त्रींच्या शेजारी बसून काढलेल्या दुपारी, एवढेच माझे शिक्षण. त्यातून जे हाती आले ते असे: इंजिन बदलण्याच्या कामात इंजिन हा सर्वांत सोपा भाग असतो. अवघड असते ते त्याच्या भोवतीचे. जोड, दातांचा हिशेब, ब्रेक आणि कागद या चार गोष्टींकडे जिथे लक्ष दिले गेले, तिथे जुन्या जीपला खरोखर दुसरे आयुष्य मिळाले. जिथे फक्त इंजिनाकडे पाहिले गेले, तिथे धोका मागे बसणाऱ्यांच्या वाट्याला आला आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

कारखान्याने केलेली अदलाबदल

इंजिन बदलणे हा गॅरेजवाल्यांचा उद्योग आहे, असा एक समज आहे. प्रत्यक्षात जीपचा सगळा इतिहासच इंजिन बदलण्याचा आहे आणि त्याची सुरुवात कारखान्यातच झाली.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये ‘गो-डेव्हिल’ नावाचे पेट्रोल इंजिन होते. २,१९९ घनसेंटिमीटर, चार सिलिंडर, ६० अश्वशक्ती. त्याच्या सर्व झडपा सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये बसवलेल्या होत्या. त्यामुळे इंजिन बुटके होते आणि बॉनेटही बुटके होते. पुढे विलीजने त्याच सिलिंडरमापाचे ‘हरिकेन’ इंजिन तयार केले. यात हवा आत घेणारी झडप वर, हेडमध्ये नेली आणि धूर बाहेर टाकणारी झडप खालीच ठेवली. सिलिंडरचे माप तेच राहूनही शक्ती ७२ अश्वशक्तीच्या घरात गेली. पण इंजिन उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. विलीजने नवी गाडी न घडवता बॉनेटच उंच केले. १९५३ मध्ये आलेली ही गाडी म्हणजे सीजे-३बी.

महिंद्राने भारतात वर्षानुवर्षे बनवली ती हीच जीप. विलीजने हे मॉडेल १९६८ मध्ये थांबवले, तरी आपल्याकडे ते त्यानंतरही बराच काळ चालू राहिले. तिचा उंच, काहीसा चौकोनी चेहरा आपल्याला इतका परिचित आहे की जीपचे मूळ रूप तेच असे वाटते. खरे म्हणजे तो चेहरा जुन्या सांगाड्यात नवे इंजिन बसवल्याची खूण आहे.

यानंतरची गोष्ट महाराष्ट्रातच घडली. मुंबईत कांदिवलीला इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया बी-२७५ ट्रॅक्टर बनवत असे. ही कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली. ट्रॅक्टरच्या घराण्यातले सुमारे २,३५० घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन जीपमध्ये आले. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. त्या नावातला ४ म्हणजे सिलिंडर आणि ९० म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दट्ट्याची चाल ८३ मिलिमीटर. गुणाकार केला की २,११२ घनसेंटिमीटर येतात. ऐंशीच्या दशकात एमएम ५४० जीपमध्ये हे इंजिन घराघरांत पोचले.

इथे एक गंमत सांगतो. पुढे बोलेरोत वापरलेले डायरेक्ट इंजेक्शनचे इंजिन २,५२३ घनसेंटिमीटरचे. त्याचा व्यास ८८.९ आणि चाल १०१.६ मिलिमीटर. प्यूजोच्या गोळीबंद आकड्यांपुढे हे आकडे वेडेवाकडे वाटतात. पण ते इंचात करून पाहावेत: बरोबर साडेतीन आणि बरोबर चार. इंटरनॅशनलच्या बी-४१४ ट्रॅक्टरच्या इंजिनाची हीच मापे होती. मिलिमीटरच्या कोटाखाली इंचाची बंडी दिसावी तसे हे आहे. एकविसाव्या शतकात कॉमन रेल आणि संगणक जोडून विकल्या गेलेल्या गाडीतही ट्रॅक्टरच्या त्या जुन्या घराण्याची मापे टिकून होती.

म्हणजे सांगाडा जुना ठेवून इंजिन बदलत राहणे ही कारखान्याचीच रीत होती. फरक एवढाच की कारखाना इंजिन बदलताना त्याबरोबर गिअर, ॲक्सल, पाटे, रेडिएटर हे सगळे पुन्हा तपासून घेत असे. ‘एवढाच’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण पुढचा सगळा लेख त्या एवढ्याशा फरकाबद्दल आहे.

डिझेल का हवे होते?

गावोगावच्या जीपमालकांनी हरिकेन इंजिन उतरवून डिझेल बसवले ते जास्त ओढ मिळावी म्हणून, असे आज सांगितले जाते. आकडे तसे म्हणत नाहीत. ओढ मोजायचे माप म्हणजे टॉर्क, इंजिनाने दांड्याला दिलेला पीळ. हरिकेनचा टॉर्क सुमारे १५५ न्यूटनमीटर होता. प्यूजोच्या एक्सडीपीचा सुमारे १२०. म्हणजे पेट्रोल काढून प्यूजो बसवणाऱ्याने ओढ थोडी गमावलीच. त्याने कमावला तो ॲव्हरेज. एका लिटरमध्ये डिझेल जास्त अंतर नेई आणि सरकारी धोरणामुळे ते पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असे. पेट्रोलची किंमत जून २०१० मध्ये आणि डिझेलची ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळी झाली. त्याआधीची काही दशके दोहोंच्या किमतीतल्या फरकावर ग्रामीण वाहतुकीचा एक मोठा भाग उभा होता. वडापच्या धंद्यात भाडे पाच-दहा रुपयांचे. तिथे पेट्रोल परवडणे शक्यच नव्हते.

आमच्या पट्ट्यात आणखी एक सोय होती. आकुर्डीला बजाज टेम्पोचा कारखाना. आजचे नाव फोर्स मोटर्स. तिथे मॅटाडोरसाठी मर्सिडीजच्या परवान्यावर ओएम ६१६ हे २.४ लिटरचे डिझेल इंजिन बनत असे. हेच इंजिन जर्मनीत मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत होते आणि १९७९ मध्ये आलेल्या त्यांच्या जी-वॅगन या खडतर रस्त्यांवरच्या गाडीतही होते. आकुर्डीच्याच ट्रॅक्सलाही ते मिळाले. मॅटाडोर मोडीत निघाली की तिचे इंजिन जीपमध्ये जाई. ‘मॅटाडोर इंजिनची जीप’ हा शब्दप्रयोग पुणे जिल्ह्यात एकेकाळी सर्रास कानावर पडे. ज्यांना ते मिळत नसे ते कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जात.

जोड

आता प्रत्यक्ष काम पाहू. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला टेकून क्लच, आणि क्लचमधून गिअरबॉक्सचा दांडा आत शिरतो. जुन्या जीपचा गिअरबॉक्स आणि मॅटाडोरचे इंजिन यांची भोके जुळत नाहीत, कारण ती एकमेकांसाठी पाडलेलीच नसतात. म्हणून मध्ये एक पोलादी किंवा ॲल्युमिनियमची जाड तबकडी घालतात. तिच्या एका बाजूची भोके इंजिनाशी आणि दुसऱ्या बाजूची गिअरबॉक्सशी जुळतात. भोसरीच्या एखाद्या लेथवर ती एका दिवसात तयार होते.

मात्र भोके जुळणे पुरेसे नाही. इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचा मध्य एकाच रेषेत यावा लागतो. या कामात साधारण पाच हजारांश इंच, म्हणजे ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत. दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवली तर त्याहून जाड होतील. हा फरक राहिला तर गाडी पहिल्या दिवशी उत्तम चालते, महिन्याभराने गिअर टाकताना कुरकुरते आणि मग एके दिवशी क्लचप्लेटच्या मधला भाग फाटतो किंवा गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग जाते. चांगला मिस्त्री आणि घाईचा मिस्त्री यांतला फरक इथे कळतो. चांगला मिस्त्री तबकडी बसवल्यावर डायल गेज लावून क्रँक हाताने फिरवतो आणि काटा किती हलतो ते पाहतो. घाईचा मिस्त्री बोल्ट आवळतो.

मग येते फाउंडेशन. इंजिन सांगाड्यावर ज्या रबरी बैठकांवर टेकते त्यांना गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. डिझेलचे धक्के पेट्रोलपेक्षा जड. पेट्रोल इंजिन हवा साधारण सातपट दाबते, त्या काळची लहान डिझेल इंजिने वीस-बावीसपट. बैठका जुन्याच ठिकाणी, जुन्याच जाडीच्या पट्टीवर वेल्ड केल्या तर सांगाड्याला तडा जातो. तो बहुधा वेल्डच्या कडेलाच जातो आणि चिखलाच्या थराखाली लपून राहतो. इंजिन जड असेल तर पुढचे पाटे बसतात, गाडी नाक खाली घालते आणि पुढच्या चाकांचा रोख बदलतो. इंजिनाखालचे तेलाचे चेंबर पुढच्या ॲक्सलला लागणार नाही हेही पाहावे लागते, कारण खड्ड्यात ॲक्सल वर उचलला जातो.

काही गोष्टी इतक्या किरकोळ की कुणाच्या मनात येत नाहीत. पेट्रोल इंजिन चावी फिरवली की बंद होते, कारण ठिणगी थांबते. डिझेलला ठिणगीच नसते. त्याचे इंधन तोडावे लागते. म्हणून जुन्या डिझेल गाड्यांत ओढून बंद करायची ‘स्टॉपर’ तार असे. ती तार आत चालकाच्या हाताशी आणली नाही, तर गडबडीच्या वेळी इंजिन बंद करणार कसे? तसेच वायपरचे. जुन्या विलीज जीपांत वायपर इंजिनाने ओढलेल्या हवेच्या जोरावर, व्हॅक्युमवर चाले. डिझेल इंजिन तसा व्हॅक्युम तयार करत नाही. इंजिन बदलले की वायपर बंद. भीमाशंकरच्या पावसात वायपर नसलेली जीप चालवणे म्हणजे काय, हे त्या बाजूच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दातांचा हिशेब

जीपच्या मागच्या आणि पुढच्या ॲक्सलमध्ये एक मोठे आणि एक छोटे दातेरी चाक असते. क्राउन आणि पिनियन. सीजे-३बीच्या क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. भागाकार ५.३८. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला टॉप गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे साडेपाच फेरे लागतात. जीपच्या ६.००-१६ मापाच्या टायरचा घेर धरा २.२ मीटर. हरिकेन इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेऊ शकते, तेव्हा गाडीचा वेग ताशी सुमारे ९८ किलोमीटर होतो. आता त्याच जागी सावकाश चालणारे, समजा २,५०० फेऱ्यांवर थांबणारे ट्रॅक्टरघराण्यातले डिझेल बसवा. वेग येतो ताशी ६१. इंजिन तारस्वरात ओरडते आणि मागून ट्रक हॉर्न देतात.

यावर तोडगा म्हणून क्राउन-पिनियन बदलतात. ३९ आणि ८ दातांची जोडी ४.८८ देते, ४७ आणि ११ दातांची ४.२७. या शेवटच्या जोडीने त्याच २,५०० फेऱ्यांवर ताशी ७७ पर्यंत जाता येते. मालक खूश होतो.

यात दोन खाचा आहेत. पहिली अशी की फोर-बाय-फोर गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची जोडी एकच असावी लागते. फक्त मागची बदलून पुढची तशीच ठेवली, तर चिखलात फोर-व्हील टाकल्यावर पुढची चाके एका गतीने आणि मागची दुसऱ्या गतीने फिरू पाहतात. चिखलात ते चालूनही जाते, कारण चाके घसरतात. डांबरावर किंवा खडकावर कुठला तरी दांडा मोडतो. वडापच्या बऱ्याच जीपांत पुढची ओढ काढूनच टाकलेली असे, म्हणून हा दोष कित्येक वर्षे उघडा पडत नसे. दुसरी खाच उताराची आहे.

उतार

घाटात उतरताना आपण गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि इंजिनालाच तिला रोखायला लावतो. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट बंद होते. इंजिन बंद तोंडाने श्वास घेतल्यासारखे ओढते आणि गाडी आवरली जाते. जुन्या डिझेलमध्ये हवेची वाट नेहमी उघडी, त्यामुळे हा अटकाव कमी. त्यात ५.३८ ऐवजी ४.२७ ची जोडी घातली की इंजिनाचा जो काही अटकाव उरला आहे तोही चाकापर्यंत पोचताना एक-पंचमांशाने कमी होतो. राहिलेला भार ब्रेकवर येतो.

ते ब्रेक कुठले? चारही चाकांना नऊ इंची ड्रम, पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर नाही आणि चारही चाकांना तेल पुरवणारी एकच नळी. कुठेही गळती झाली की चारही ब्रेक एकदम गेले. चार सैनिक आणि थोडे सामान यांच्यासाठी हे पुरेसे होते. भरगच्च भरलेल्या, पूर्वीपेक्षा वेगात जाणाऱ्या गाडीसाठी नाही. गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाने वाढते. वेग ६० वरून ८० झाला, म्हणजे एक-तृतीयांशाने वाढला, की ऊर्जा पावणेदोन पटीहून अधिक होते. वजन वाढले तर ती आणखी वाढते. ड्रम तापले की ब्रेक ‘लाकूड’ होतो; पाय पूर्ण जोर लावतो आणि गाडी पुढेच जाते.

मिस्त्रींशी बोलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. इंजिनाबद्दल ते तासभर बोलतात. ब्रेकबद्दल विचारले की म्हणतात, ‘‘ते ओरिजिनल आहेत ना.’’ ‘ओरिजिनल’ हा शब्द तिथे कौतुकाचा असतो. इंजिन बदललेल्या गाडीत तो धोक्याचा आहे.

आजचे नवे इंजिन

आता वडापचा काळ ओसरला आहे. जुनी जीप हौसेची वस्तू झाली आहे आणि तिच्यात बसवायला मिळणारे इंजिन बदलले आहे. थार ऑक्टोबर २०१० मध्ये आली, तेव्हा तिच्या २,४९८ घनसेंटिमीटरच्या सीआरडीई इंजिनाचा टॉर्क होता २४७ न्यूटनमीटर. सीजे-३बीच्या तीन गिअरच्या टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो गिअर २.४६, ॲक्सल ५.३८. तिघांचा गुणाकार ३७. हरिकेनचे १५५ न्यूटनमीटर ॲक्सलपर्यंत पोचतात ते सुमारे ५,७०० होऊन. सीआरडीईचे २४७ पोचतील ९,१०० होऊन. ज्या दांड्यांची जाडी पहिल्या आकड्यासाठी ठरवली होती त्यांच्यावर हा दुसरा आकडा येतो. म्हणून असे इंजिन बसवणाऱ्याला गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, ॲक्सल आणि ब्रेक हे सगळेच बदलावे लागते. शेवटी जुने उरते ते बॉनेट, काच आणि नंबरप्लेट.

दुसरा बदल कौशल्याचा आहे. जुने डिझेल इंजिन यांत्रिक पंपावर चाले. त्याला सुरू व्हायला बॅटरी आणि चालू राहायला फक्त डिझेल लागे. कॉमन रेल इंजिनात इंधन हजार बारच्या पुढच्या दाबाखाली असते आणि ते कधी, किती सोडायचे हे संगणक ठरवतो. त्या संगणकाला क्रँक कुठे आहे, कॅम कुठे आहे, पाय किती दाबला आहे, चावी ओळखीची आहे का, हे सगळे कळावे लागते. एक वायर चुकली की इंजिन चालू होत नाही किंवा अर्ध्या ताकदीवर लंगडत राहते. लेथवरचे काम आता लॅपटॉपवर गेले आहे. जे मिस्त्री डायल गेजच्या काट्यावरून मध्य साधत, त्यांची मुले चाकणच्या कारखान्यांत असेंब्ली लाइनवर काम करतात. तिथे प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक बोल्ट येतात. ते काम कमी प्रतीचे नाही, पण गाडी सबंध पाहण्याची सवय त्यातून लागत नाही. तबकडी किती जाड ठेवायची, कुठल्या क्लचप्लेटचे दात कुठल्या दांड्याला बसतात, हे ज्ञान मिस्त्रींच्या वहीत किंवा फक्त डोक्यात होते. त्याचे कुठलेही छापील पुस्तक मला मराठीत सापडलेले नाही.

कागद

कायद्याकडे येऊ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुळात बदलाला वाट होती. नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे, मंजुरी घ्यायची, बदल पुस्तकात नोंदवायचा. काहींनी तसे केले, पुष्कळांनी केले नाही. २००० च्या दुरुस्तीने हे कलम बदलले. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, असा नियम आला. सीएनजी, एलपीजी, बॅटरी वगैरेंच्या मान्य किटला सवलत मिळाली. किमान दहा व्यावसायिक वाहने असणाऱ्याला त्याच बनावटीचे आणि प्रकाराचे इंजिन बदलण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षा ठरवली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

या कडकपणामागचे कारण मला पटते. उत्पादक गाडीचा नमुना तपासणी संस्थेकडून मंजूर करून घेतो. ती तपासणी सबंध गाडीची असते, त्या इंजिनासह आणि त्या ब्रेकसह. इंजिन बदलले की ती तपासणी लागू राहत नाही आणि नोंदणीतल्या वर्णनावर आधारलेला विमाही वादात सापडतो. वर मांडलेला उताराचा हिशेब पाहिला तर कायद्याची भीती खोटी म्हणता येत नाही.

पण बंदीने तपासणी होत नाही. ज्या जीपा बदलल्या गेल्या त्या कागदावर पेट्रोलच राहिल्या, त्यामुळे त्यांच्या ब्रेककडे डिझेलच्या दृष्टीने कुणी पाहिलेच नाही. इतर देशांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने हाताळला आहे. जर्मनीत बदललेली एकेक गाडी तपासून तो बदल तिच्या कागदांत नोंदवण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे गुणांची पद्धत वापरली गेली. आमूलाग्र बदललेल्या गाडीने जुना नंबर टिकवण्यासाठी किमान आठ गुण मिळवायचे. मूळ सांगाड्याला पाच गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला एक. चौदापैकी एक! गाडीची ओळख ठरवताना इंजिनाला त्यांनी सर्वांत कमी वजन दिले. आपण गल्लोगल्ली ‘इंजिन कोणते?’ एवढेच विचारतो.

आपल्याकडे साधनांची वाण नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे. पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आहे, तिचे केंद्र चाकणलाही आहे. जुन्या गाडीत बॅटरी आणि मोटर बसवण्याच्या किटला अशा संस्थांकडून मान्यता घेण्याची रीतसर वाट आहे. तशीच वाट जुन्या जीपमध्ये नवे, कमी धूर सोडणारे इंजिन बसवणाऱ्याला का नसावी? त्या तपासणीत काय पाहायचे हे मिस्त्रींच्या अनुभवातूनच ठरवता येईल: सांगाड्याच्या वेल्डला तडा आहे का, दोन्ही ॲक्सलचे दात सारखे आहेत का, ब्रेकला दोन स्वतंत्र नळ्या आहेत का, भरल्या गाडीने उतारावर किती अंतरात थांबता येते, इंजिन चालकाच्या जागेवरून बंद होते का, धूर किती आहे. मान्यता मिळाली तर पुस्तकात नोंद, नाही तर गाडी रस्त्यावर येणार नाही. मालकाला खर्च येईल, हे खरे. पण आज तो खर्च न करताही गाड्या धावतात, आणि त्याची किंमत घाटात कुणी तरी दुसराच मोजतो.

अशी वाट होईपर्यंत जुनी जीप घेणाऱ्याला माझे सांगणे एवढेच. रस्त्यावर चालवायची असेल तर पुस्तकातला इंजिन क्रमांक ब्लॉकवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा आणि मूळ जातीचेच इंजिन दुरुस्त करून घ्या. हरिकेनचे सुटे भाग आजही मिळतात. आणि ज्या मिस्त्रींनी ही कामे केली त्यांच्या वह्या कुणाकडे असतील, तर त्या रद्दीत देऊ नका. त्यांत कुठल्या गाडीला कुठली तबकडी बसली हे तर आहेच, शिवाय काय बसवले आणि ते का मोडले, हेही आहे. तपासणीचा नियम लिहायला बसणाऱ्याला सर्वांत जास्त उपयोग त्या दुसऱ्या नोंदींचाच होईल.